टोमॅटोची बाटली आणि निकोला आपेर

नारायणगाव, पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोची आवक वाढली की भाव असा कोसळतो, की तोडणीची मजुरीही सुटत नाही. क्रेटच्या क्रेट रस्त्याकडेला ओतले जातात. काही महिन्यांनी त्याच टोमॅटोचा भाव ऐकून गृहिणी किलोऐवजी पाव किलोवर भागवते. पिकते तेव्हा खाऊन संपत नाही आणि हवे असते तेव्हा मिळत नाही, ही अन्नाची फार जुनी अडचण आहे.

अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परसबागेतले टोमॅटो एकदम पिकतात. तेव्हा अनेक घरांत साल्सा करण्याची गडबड उडते. साल्सा मूळचा मेक्सिकोचा. त्यात टोमॅटो, कांदा, मिरची, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू असते. आपल्या कोशिंबिरीशी आणि चटणीशी त्याचे नाते सहज जुळते. हा साल्सा शिजवून काचेच्या बरण्यांत भरतात, झाकणे लावून बरण्या उकळत्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि पुढे वर्षभर वापरतात. आपल्या कोकणात मे महिन्यात आमरसाच्या बाटल्या मोठ्या टोपात उकळल्या जातात, त्यामागचे तत्त्वही हेच. दिसायला थोडा डागी, पण आतून चांगला असा जो आंबा ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणून विकला जातो, त्याचाही प्रवास याच वाटेने होतो.

ही वाट ज्याने पहिल्यांदा मळली, तो ना शास्त्रज्ञ होता, ना डॉक्टर. तो आचारी आणि मिठाईवाला होता. त्याचे नाव निकोला आपेर.

सराईतला मुलगा

आपेर यांचा जन्म 17 नोव्हेंबर 1749 रोजी फ्रान्समधल्या शालों-सुर-मार्न या गावी झाला. हा शँपेन नावाच्या मद्याचा मुलूख. वडील सराई चालवत. त्यामुळे निकोलाचे शिक्षण शाळेपेक्षा भटारखान्यात आणि तळघरातच जास्त झाले. मांस खारवायचे कसे, फळे साखरेत मुरवायची कशी, बीअर आंबवायची कशी, बाटलीला बूच घट्ट कसे बसवायचे, हे सारे त्यांच्या हाताने लहानपणीच शिकून घेतले. शँपेनच्या बाटलीत वायूचा दाब मोठा असतो. काच पातळ असली तर ती फुटते आणि बूच सैल असले तर उडते. या मुलखात वाढलेल्या माणसाला जाड काच आणि घट्ट बूच यांचे मोल कुणी समजावून सांगावे लागत नव्हते.

पुढे काही वर्षे त्यांनी जर्मन भागातल्या एका ड्यूकच्या पदरी मुदपाकखाना सांभाळला. 1784 च्या सुमारास ते पॅरिसला आले आणि लोंबार गल्लीत त्यांनी मिठाईचे दुकान थाटले. धंदा चांगला चालला. पण साखरेत मुरवलेल्या फळांनी त्यांचे समाधान होईना. फळ टिकते खरे, पण त्याची मूळ चव हरवते आणि साखर तेव्हा महाग होती. मिठातले मांस टिकते, पण ते खारट आणि चामड्यासारखे होते. वाळवलेल्या भाजीचा वास आणि पोत दोन्ही जातात. व्हिनेगरमध्ये सगळेच आंबट होते. अन्न टिकवायचे आणि तरी ते अन्नासारखेच राहावे, यासाठी काही करता येईल का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला.

याच सुमारास फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. आपेर तिच्यात हिरिरीने उतरले. आपल्या पेठेच्या क्रांतिकारी समितीत त्यांनी पदही भूषवले. पण त्या काळात आज खुर्चीत बसलेला माणूस उद्या कोठडीत जाई. 1794 मध्ये त्यांनाही काही महिने तुरुंगवास घडला. गिलोटिनचे पाते ऐन भरात असताना ते जिवंत बाहेर आले, हे त्यांचे नशीब. बाहेर आल्यावर त्यांनी राजकारणाकडे पाठ फिरवली आणि पुढली चाळीस-पंचेचाळीस वर्षे बाटल्यांमध्येच काढली.

खारे मांस आणि किडके बिस्कीट

आपेर यांच्या कामाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळचे जहाज डोळ्यांसमोर आणायला हवे. महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना खारवलेले मांस, वाटाण्यासारखी सुकी कडधान्ये आणि दगडासारखी कडक बिस्किटे खावी लागत. बिस्किटांत किडे पडत. ताजी भाजी आणि फळे नसल्याने स्कर्व्ही होई. हिरड्या सुजून त्यातून रक्त येई, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणूस खंगून मरे. लढाईपेक्षा या रोगाने जास्त खलाशी नेले. स्कर्व्ही क जीवनसत्त्वाच्या अभावी होतो, हे स्पष्ट व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

सैन्याची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. लाखांच्या फौजा युरोपभर फिरत आणि वाटेतल्या शेतकऱ्यांच्या कोठारांवर जगत. कोठार रिकामे झाले, की सैनिकही उपाशी आणि शेतकरीही उपाशी.

आपेर यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. नेपोलियनने 1795 मध्ये बारा हजार फ्रँकचे बक्षीस जाहीर केले आणि आपेर यांनी ते जिंकले, अशी ती गोष्ट. ऐकायला छान असली तरी ती जुळत नाही, कारण 1795 मध्ये नेपोलियन हा एक तरुण सेनानी होता. सत्ता त्याच्या हाती 1799 च्या अखेरीस आली. बारा हजार फ्रँक आपेर यांना मिळाले, हे मात्र खरे. ते कसे मिळाले, ते पुढे येईलच.

बाटली, बूच आणि उकळते पाणी

आपेर यांची पद्धत आज कुणालाही सोपी वाटेल. अन्न स्वच्छ करून, गरजेप्रमाणे अर्धवट शिजवून ते जाड काचेच्या, रुंद तोंडाच्या बाटलीत भरायचे. वर थोडी जागा मोकळी ठेवायची. उत्तम प्रतीचे बूच ठोकून बसवायचे आणि तारेने जखडायचे. बाटल्या एकमेकींवर आदळून फुटू नयेत म्हणून प्रत्येक बाटली कापडाच्या पिशवीत घालायची. मग सगळ्या बाटल्या पाण्याच्या मोठ्या हंड्यात उभ्या करून पाणी उकळायचे आणि ठरलेला वेळ उकळत ठेवायचे.

हा ठरलेला वेळ हीच त्यांची खरी कमाई होती. कोणत्या पदार्थाला किती वेळ, हे सांगणारे पुस्तक तेव्हा जगात नव्हते. वाटाण्याला किती, फरसबीला किती, दुधाला किती, चेरीला किती, हे त्यांनी एकेक बाटली भरून, महिनोन्‌महिने ठेवून, उघडून, चाखून ठरवले. बाटल्या फुटत, बुचे उडत, माल सडत असे. हिरव्या वाटाण्याला उकळत्या पाण्यात दीड-दोन तास लागतात, अशा निष्कर्षापर्यंत ते आले. टोमॅटोची कृतीही त्यांनी दिली आहे. चांगले लालबुंद पिकलेले टोमॅटो धुऊन चिरायचे, शिजवायचे, चाळणीतून गाळायचे, आटवून दाट करायचे आणि निवल्यावर बाटलीत भरून उकळत्या पाण्यात थोडाच वेळ ठेवायचे. वाटाण्याला तास-दोन तास आणि टोमॅटोला जेमतेम एक उकळी, हा फरक का, ते आपेर यांना ठाऊक नव्हते. पण फरक आहे, हे त्यांच्या हातांना आणि जिभेला कळले होते.

पॅरिसजवळच्या मासी या गावी 1802 च्या सुमारास त्यांनी कारखाना काढला. आसपासच्या जमिनीत वाटाणा आणि शेंगभाज्या लावल्या, म्हणजे तोडणी आणि बाटली यांत वेळ जाऊ नये. हंगामात बायका शेंगा सोलायला बसत आणि सकाळी तोडलेला वाटाणा त्याच दिवशी हंड्यात जाई. ताजेपणा बाटलीत शिरण्याआधीच गेला, तर तो बाटलीतून बाहेर कसा येणार, हा साधा हिशोब त्यांनी पुरता ओळखला होता.

1803 मध्ये फ्रेंच नौदलाने ब्रेस्ट बंदरात त्यांच्या बाटल्यांची परीक्षा घेतली. तीन महिने ठेवलेला रस्सा चांगला निघाला आणि वाटाणा-फरसबीत तर ताज्या भाजीची चव आढळली. आजारी खलाशांसाठी हे अन्न उपयोगी पडेल, असे मत पडले. पुढेही चाचण्या झाल्या. अखेर सरकारच्या गृहखात्याने आपेर यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले. शोधाचे पेटंट घ्या, नाही तर पद्धत पुस्तकरूपाने जाहीर करा आणि बक्षीस घ्या.

आपेर तेव्हा साठीचे होते आणि कारखान्यावर कर्ज होते. पेटंट घेतले असते, तर पुढली काही वर्षे फ्रान्समधल्या प्रत्येक डब्यामागे त्यांना पैसा मिळाला असता. त्यांनी दुसरा पर्याय निवडला. 1810 मध्ये त्यांचे पुस्तक आले, अटीप्रमाणे दोनशे प्रती सरकारकडे गेल्या आणि बारा हजार फ्रँक त्यांना मिळाले. कोणत्याही गृहिणीला घरी करता येईल अशा भाषेत त्यात सारे लिहिले होते. हंडा केवढा, बूच कसे निवडायचे, पिशवी कशाची, वेळ किती, काहीही हातचे राखून ठेवलेले नव्हते. थोड्याच काळात त्याची जर्मन आणि इंग्रजी भाषांतरे झाली.

पेटंट मात्र निघालेच, पण समुद्रापलीकडे. त्याच 1810 साली लंडनमध्ये पीटर ड्युरँड या व्यापाऱ्याने याच धर्तीच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि त्यात काचेबरोबर कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्याचाही समावेश केला. ते हक्क ब्रायन डॉन्किन आणि जॉन हॉल यांच्याकडे गेले आणि 1813 पासून त्यांचे डबे ब्रिटिश नौदलाला मिळू लागले. काच फुटते, पत्रा फुटत नाही. जहाजासाठी डबाच सोयीचा ठरला. गंमत अशी, की डबा आधी आला आणि तो उघडण्याचे खास हत्यार चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी आले. तोवर लोक छिन्नी-हातोडीने डबे फोडत.

आपेर यांच्या वाट्याला मात्र 1814-15 ची लढाई आली. नेपोलियनचा पराभव होऊन परकी फौजा पॅरिसपर्यंत पोचल्या आणि मासीच्या कारखान्याची वाताहत झाली. पासष्टीच्या माणसाने पुन्हा पॅरिसमध्ये शून्यातून काम उभारले. पत्र्याचे डबे आणि दाबाखाली चालणारी भांडी वापरून पाहिली, पुस्तकाच्या नव्या आवृत्त्यांत भर घातली. 1822 मध्ये फ्रान्समधल्या एका नामांकित उद्योग-संस्थेने त्यांना मानवतेचे उपकारकर्ते असा किताब दिला. किताबाने चूल पेटत नाही. म्हातारपण हलाखीत गेले. 1 जून 1841 रोजी वयाच्या 91 व्या वर्षी मासी येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांना गोरगरिबांच्या सामाईक कबरीत पुरण्यात आले.

कृती बरोबर, कारण चुकीचे

आपेर यांच्या आयुष्यातली सर्वांत विलक्षण बाब ही, की आपली पद्धत का यशस्वी होते, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. हवा बाहेर ठेवणे आणि उष्णता देणे, या दोन गोष्टी मिळून अन्न टिकते, इतके त्यांना दिसत होते. प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी त्यांच्या बाटल्यांतली हवा तपासली. तिच्यात प्राणवायू सापडला नाही. तेव्हा प्राणवायू नसल्यानेच अन्न सडत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो पुढे अर्धशतक मानला गेला.

वास्तविक इटलीच्या स्पालान्झानी यांनी 1760 च्या दशकातच दाखवले होते, की रस्सा हवाबंद करून पुरेसा वेळ उकळला, की त्यात सूक्ष्म जीव निर्माण होत नाहीत. पण तो वाद विद्वानांच्या दालनात राहिला, भटारखान्यापर्यंत पोचला नाही. 1860 च्या आसपास लुई पाश्चर यांनी प्रयोगांनी सिद्ध केले, की अन्न नासवणारे आणि आंबवणारे हात सूक्ष्मजीवांचे असतात. उकळण्याने हे जीव मरतात आणि बूच नवे जीव आत येऊ देत नाही. आपेर यांच्या बाटलीचे कोडे उलगडले, तेव्हा ते जाऊन वीस वर्षे झाली होती.

चुकीच्या कारणाचा तोटाही झाला. हवा बाहेर काढली की झाले, अशी समजूत असली, की उष्णता पूर्ण आतपर्यंत पोचली का, याकडे दुर्लक्ष होते. 1852 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या कोठारातले मांसाचे डबे तपासले, तेव्हा शेकडो डब्यांतले मांस सडलेले निघाले. पुरवठादाराने मोठे डबे भरले होते आणि त्यांच्या मध्यापर्यंत पुरेशी उष्णता गेलीच नव्हती. अमेरिकेत प्रेस्कॉट आणि अंडरवूड या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले, की काही जिवाणू उकळत्या पाण्यातही टिकणारे बीजाणू तयार करतात. बीजाणू म्हणजे जिवाणूचे जणू चिलखत घातलेले रूप. पाणी उकळते, तो शांत पडून राहतो. निवले, की जागा होतो.

झाकणाआडचा शत्रू

या बीजाणू तयार करणाऱ्या जिवाणूंतला सर्वांत धोकादायक म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. 1895 मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल या खेड्यात एका अंत्यसंस्कारासाठी जमलेल्या 34 वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. त्यांतले तिघे दगावले आणि अनेक जण मृत्यूच्या दारात पोचले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून हा जिवाणू वेगळा केला. तो मातीत सर्वत्र असतो, म्हणजे भाजीवरही येतो. ज्या जागी प्राणवायू नाही, तिथेच तो वाढतो. नीट पाहिले, तर आपेर यांची हवाबंद बाटली ही त्याच्यासाठी बांधून ठेवलेली जागाच. बाटलीतले इतर जीव उकळण्याने मेले, हवा गेली आणि एखादा बीजाणू तग धरून राहिला, तर त्याला मोकळे रान मिळते.

तो जे विष तयार करतो, ते आजवर माहीत असलेल्या अतितीव्र विषांपैकी एक आहे. खाल्ल्यानंतर साधारण 12 ते 36 तासांत लक्षणे दिसू लागतात. कधी ती काही दिवसांनीही येतात. पापण्या जड होऊन खाली येतात, एकाचे दोन दिसतात, तोंड कोरडे पडते, बोलणे अडखळते, गिळता येत नाही. मग अशक्तपणा वरून खाली, म्हणजे मानेकडून हातापायांकडे उतरत जातो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. या काळात ताप सहसा नसतो आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. एकाच जेवणातल्या दोघा-तिघांना अशी लक्षणे दिसली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे. उरलेले अन्न तपासणीसाठी जपून ठेवावे. प्रतिविष लवकर मिळाले आणि श्वासाला यंत्राचा आधार मिळाला, तर बहुतेक रुग्ण वाचतात. पण बरे व्हायला आठवडे किंवा महिने लागू शकतात.

1919-20 मध्ये अमेरिकेत ऑलिव्हच्या हवाबंद बरण्यांमुळे अशा विषबाधा झाल्या आणि तिथला डबाबंद अन्नाचा उद्योग हादरला. त्यातून झालेल्या संशोधनात कार्ल मायर आणि त्यांचे सहकारी एस्टी यांनी 1922 मध्ये हे बीजाणू कोणत्या तापमानाला किती वेळात मरतात, ते मोजले. आजही जगभरचे कारखाने त्याच पायावर चालतात. 121 अंश सेल्सिअसला सुमारे तीन मिनिटे, तीही डब्याच्या मध्यापर्यंत. साधे पाणी 100 अंशाच्या वर जात नाही. त्यासाठी दाबच लागतो.

मग टोमॅटोला एक उकळी का पुरली? कारण आम्लता. आम्लतेचे माप असलेला सामू 4.6 किंवा त्याखाली असेल, तर हा बीजाणू जागा होऊन वाढत नाही. तो मेलेला नसतो, पण निद्रिस्त राहतो. उरलेले साधे जीव उकळत्या पाण्याने मरतात. वाटाणा, फरसबी, मका, मांस, मासे यांचा सामू 4.6 च्या वर असतो. आंबट फळांचा खाली असतो. टोमॅटो मात्र नेमका कुंपणावर बसलेला. जात, पिकण्याची अवस्था आणि हंगाम यांप्रमाणे तो रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे जातो.

आपल्या स्वयंपाकघरासाठी

साल्सात टोमॅटोबरोबर कांदा, लसूण, मिरची आणि कोथिंबीर असते. या सगळ्यांची आम्लता कमी. त्यांचे प्रमाण वाढले, की संपूर्ण मिश्रण धोक्याच्या बाजूला सरकते. म्हणून बरणीबंद साल्सात अंदाजपंचे कृती चालत नाही. जिची आम्लता तपासलेली आहे, अशीच कृती घ्यावी आणि तीत लिहिलेले व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कमी करू नये. आंबट जास्त वाटले, तर चिमूटभर साखर घालावी, आम्ल वगळू नये. कांदा-मिरची हौसेने वाढवू नये. साल्सा दाट करण्यासाठी बरणीत भरण्यापूर्वी पीठ घालू नये, कारण दाट पदार्थाच्या मध्यापर्यंत उष्णता उशिरा पोचते. नुसत्या टोमॅटोच्या बरण्यांसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने अर्ध्या लिटरच्या आसपासच्या बरणीला एक टेबलस्पून बाटलीबंद लिंबूरस किंवा पाव चमचा सायट्रिक आम्ल असे प्रमाण दिले आहे. बाटलीबंद रस अशासाठी, की ताज्या लिंबाची आम्लता प्रत्येक फळागणिक बदलते.

आपल्या घरातला भाजी-डाळीचा कुकर या कामाला पर्याय नाही. तो लवकर तापतो, लवकर निवतो आणि त्यातल्या बरणीच्या मध्याला किती वेळ किती उष्णता मिळाली, याची तपासलेली कोष्टके नाहीत. म्हणून वाटाणा, मका, मशरूम किंवा मांस घरी हवाबंद बरणीत भरण्याच्या फंदात न पडलेले बरे. टोमॅटोची प्युरी करायचीच असेल, तर ती छोट्या डब्यांतून फ्रीझरमध्ये ठेवणे हा सोपा मार्ग. ताजा साल्सा फ्रिजमध्ये ठेवून काही दिवसांत संपवावा. कच्च्या लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची नवी हौसही टाळावी. तेलाखाली हवा नसते आणि लसणाला आम्लता नसते.

मग आपली लोणची-मुरांबे कसे टिकतात, असा प्रश्न पडेल. लोणच्याला कैरी-लिंबाची आम्लता आणि भरपूर मीठ यांचे दुहेरी संरक्षण असते. मुरांब्यातली साखर आणि पापड-सांडग्यांतले वाळवण जिवाणूंना पाणीच मिळू देत नाही. आजीच्या मिठाच्या मुठीला अर्थ होता. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचे असेल, तर लोणचे कमी खावे. मीठ निम्मे करून तेच लोणचे वर्षभर बाहेर ठेवणे योग्य नव्हे.

एक समज विशेष घातक आहे. अन्न बिघडले तर वासावरून कळतेच, असे लोक म्हणतात. बोट्युलिनमच्या विषाला वास नाही, रंग नाही, आणि दर वेळी झाकण फुगतेच असेही नाही. फुगलेला, गळका किंवा उघडताना फसफसणारा डबा टाकून द्यावा, पण चाखून पाहू नये. विष उष्णतेने नष्ट होते. घरी भरलेली कमी आम्लाची बरणी दहा मिनिटे खळखळा उकळूनच खावी, असा सल्ला त्यामुळेच दिला जातो. मात्र संशय आलेल्या बरणीला तोही उपाय नको. कचऱ्यात गेलेली बरणी पन्नास रुपयांची असते.

आपेर यांच्या मातृभाषेत या पद्धतीला आजही त्यांच्याच नावावरून शब्द आहे. 1955 मध्ये फ्रान्सने त्यांचे टपाल तिकीट काढले आणि अमेरिकेतल्या अन्नतंत्रज्ञांचा एक मानाचा पुरस्कार 1942 पासून त्यांच्या नावाने दिला जातो. सूक्ष्मजीवांचा मागमूस नसताना एका मिठाईवाल्याने केवळ हात, जीभ आणि धीर यांच्या बळावर अन्नाचा काळ वाढवला आणि त्याची किल्ली सर्वांच्या हाती दिली. त्यांनी प्रत्येक पदार्थाचा वेळ स्वतः बसून मोजला होता. त्यांच्यानंतरच्या शास्त्रज्ञांनी त्या वेळेमागचे कारण शोधले आणि चुकीच्या जागा दुरुस्त केल्या. घरी बरणी भरणाऱ्याने एवढेच लक्षात ठेवावे, की कृतीतला वेळ आणि आम्ल या दोन गोष्टी चवीचा भाग नाहीत. त्या औषधाच्या मात्रेसारख्या आहेत, मनाने कमी-जास्त करायच्या नसतात.